चुंबकसूचीच्या नोंदवहीपासून लोणारच्या गाळापर्यंत

खांदा कॉलनीतून कळंबोलीच्या महामार्गाकडे निघाले की नवीन पनवेल पश्चिमेच्या सेक्टर 18 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे आवार लागते. रोज शेकडो माणसे त्या फाटकावरून जातात. पाटी वाचलेली असते, पण आत काय चालते ते फार थोड्यांना ठाऊक असते. संस्थेचा इतिहास सांगायचा म्हणजे साधारणपणे चुंबकीय वादळे, आयनांबर आणि अंटार्क्टिकावरचे वेध यांबद्दल लिहिले जाते. ते योग्यच आहे, कारण संस्थेचा मुख्य व्यवसाय तो आहे. या लेखात मात्र तो भाग आटोपता घेऊन मी एका वेगळ्या प्रकरणापाशी थांबणार आहे. महाराष्ट्राच्या पठारावर गेल्या अकरा हजार वर्षांत जंगल कुठे होते, गवत कधी आले आणि शेती कधी, हा प्रश्न सोडवण्यात आपल्या शेजारच्या या संस्थेचा वाटा आहे. पनवेलकरांना तो माहीत असायला हवा असे मला मनापासून वाटते.

संस्थेचे मूळ कुलाब्याला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये तिथे वेधशाळा उभारली, ती आकाशाचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. 1841 पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेध सुरू झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले केरूनाना छत्रे यांनी उमेदीची वर्षे इथेच वेध घेण्यात घालवली. ठरल्या वेळी चुंबकसूचीकडे पाहायचे, आकडा लिहायचा आणि पुन्हा ठरल्या वेळी पाहायचे, असे ते काम. त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेले प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले तेव्हा कुलाब्याच्या वहीत त्याची नोंद झाली, आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगाला हीच नोंद कामी आली. क्षैतिज चुंबकीय तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे त्या आकड्यांवरून दाखवता आले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अमेरिकी शास्त्रज्ञांसोबत याच संस्थेचे संशोधकही होते.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागले. विजेच्या प्रवाहाजवळ सूची खरे बोलत नाही. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी त्यामुळे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. बांधकामात लोखंड टाळून पोरबंदरचा दगड वापरला गेला. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेऊन कुलाब्याचे आकडे अलिबागच्या आकड्यांशी जुळवले, आणि मगच कुलाब्याचे वेध थांबवले. मालिका तुटू दिली नाही. 1971 मध्ये या कामासाठी स्वायत्त भारतीय भूचुंबकत्व संस्था स्थापन झाली. बी. एन. भार्गव तिचे पहिले संचालक. कुलाब्याची जागा अपुरी पडू लागल्यावर संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आले. अलिबागची वेधशाळा मात्र अजूनही तिथेच आहे आणि चालू आहे.

आता गाळाकडे वळतो. चुंबकत्वाच्या संस्थेला तळ्यातल्या चिखलाशी काय देणेघेणे, हा प्रश्न रास्त आहे. आपला दख्खन बेसाल्टचा. बेसाल्टमध्ये लोह-टायटॅनियमची चुंबकीय खनिजे भरपूर. पाऊस डोंगरउतार धुतो तेव्हा ती खनिजे मातीबरोबर तळ्यात उतरतात आणि थरावर थर बसत जातात. जोराच्या पावसाच्या काळात कोणती खनिजे किती आली, तळाशी प्राणवायू नसताना त्यांतली किती विरघळली, हे गाळाच्या चुंबकीय गुणधर्मांवरून मोजता येते. या शाखेला पर्यावरणीय चुंबकत्व म्हणतात. संस्थेत या विषयावर डॉ. नथानी बसवय्या यांनी दीर्घकाळ काम केले आणि भूचुंबकत्वावर एक पाठ्यग्रंथही लिहिला. चुंबकीय मापनावरून किती धूप झाली ते कळते, पण त्या उतारावर कोणती झाडे होती ते कळत नाही. त्यासाठी परागकण लागतात.

मुंबई बंदराच्या परिसरात जुने जंगल एकदा प्रत्यक्ष खोडांच्या रूपाने सापडले होते. 1870 च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना समुद्राच्या पातळीखाली, चिखलात शेकडो झाडांची खोडे मिळाली, त्यांतली पुष्कळशी उभी. लाकूड खैराचे निघाले. ऑर्मिस्टन या अभियंत्याने त्याची हकिगत 1878 मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे आज जिथे जहाजे लागतात तिथे कधीकाळी कोरड्या जमिनीवरचे खैराचे रान होते. जमीन खचली आणि रान पाण्याखाली गेले. असा पुरावा हाती लागणे मात्र दुर्मीळ. झाड पडते, कुजते, वाळवी खाते. टिकतो तो त्याचा पराग.

परागकणाची लांबी-रुंदी बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असते. त्याचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे असते, आणि निसर्गात याच्याइतके चिवट सेंद्रिय द्रव्य क्वचितच सापडते. हवा लागली, वारंवार ओले-कोरडे झाले, तर तेही झिजते. पण प्राणवायू नसलेल्या गाळात गाडले गेले तर हजारो, लाखो वर्षे टिकते. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी 1916 मध्ये नॉर्वेच्या राजधानीत, तेव्हाच्या क्रिस्तियानियात, दलदलीच्या थरांतले परागकण मोजून जंगलांचा इतिहास काढता येतो हे आलेख मांडून दाखवले. आज जगभर तीच पद्धत थोड्या फरकाने चालते.

प्रयोगशाळेत हे काम असे होते. गाळाच्या नमुन्यातून ठरावीक खोलीवरचा घनसेंटिमीटरभर तुकडा घेतात. हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की त्यातला चुना फसफसून निघून जातो. हायड्रोफ्लोरिक आम्ल वाळू आणि मातीचे सिलिकेट विरघळवते. त्यानंतर ॲसेटिक अनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात उरलेली पाने-मुळे जाळतात. काचेलाही खाणाऱ्या या आम्लांतून परागकण मात्र सुखरूप बाहेर येतात. सुरुवातीलाच नमुन्यात लायकोपोडियमच्या बीजाणूंची गोळी टाकलेली असते. तिच्यात बीजाणू किती हे आधीच माहीत असल्यामुळे, मोजताना ते जितके दिसतील त्या प्रमाणावरून गाळात मूळचे परागकण किती होते याचा हिशेब लागतो. मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक कण ओळखायचा आणि खूण करायची. एका थरासाठी काही शे कण मोजावे लागतात, आणि असे थर डझनावारी असतात.

ओळखायचे कसे? गवताचा कण बहुतेक वाटोळा, त्याला एकच भोक आणि भोकाभोवती उचललेली कडी. ज्वारी-गहू यांसारख्या धान्यांचा कणही असाच, पण आकाराने मोठा. सागाच्या कणावर तीन खाचा. बाभूळ आणि खैराच्या कुळातले कण सुटे नसतातच. पुष्कळदा सोळा कण एकमेकांना चिकटून एकच लाडू झालेला असतो, आणि तो एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. अडचणही इथेच आहे. गवतांच्या शेकडो जातींचे कण जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून गवत आहे हे कळते, पण कोणते ते कळत नाही. वाऱ्यावर पराग उधळणाऱ्या वावळ्यासारख्या झाडाचे कण ढीगभर मिळतात. कीटकांच्या भरवशावर असलेली झाडे रानात पुष्कळ असूनही गाळात कमी दिसतात. त्यामुळे आजच्या जंगलात कोणती झाडे किती आणि त्यांचे कण मातीत किती, हा ताळा आधी मांडावा लागतो. तो मांडला नाही, तर हजारो वर्षांपूर्वीच्या जंगलाबद्दलचा निष्कर्ष कच्चा राहतो.

लोणारला हे सगळे रीतसर झाले. बुलढाणा जिल्ह्यातले ते विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेले. तळ्यात झरे आणि पावसाचे पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी जाते ते फक्त बाष्प होऊन. शिवाय हे ठिकाण भारतीय मोसमी पावसाच्या गाभ्यात आहे. पाऊस कमी झाला की तळे आटते आणि क्षार घट्ट होतात, पाऊस वाढला की तळे भरते. वर्षानुवर्षांचा हा हिशेब तळाच्या गाळात जसाच्या तसा उतरतो. म्हणूनच जर्मनीतल्या पोट्सडाम, वायमार आणि हॅम्बुर्गच्या संशोधकांनी आणि पनवेलच्या आपल्या संस्थेने मिळून लोणार निवडले. तळ्याच्या मध्यातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा अखंड नमुना काढला. कार्बन-14 पद्धतीने थरांची वये ठरवली तेव्हा तो सुमारे अकरा हजार वर्षांचा निघाला. डॉ. सुषमा प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचा पहिला मोठा निष्कर्ष आला. मध्य भारतात दोन दीर्घ अवर्षणकाळ होऊन गेले, एक आजपासून सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वी आणि दुसरा सुमारे 2000 ते 600 वर्षांपूर्वी. या काळातल्या थरांत गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडले. तळे खूप आटून पाणी अतिखारट झाल्याखेरीज ते तयार होत नाहीत.

परागकणांचे काम निल्स रीडेल आणि मार्टिना श्टेबिख यांनी केले. त्यांनी आधी लोणारच्या आजच्या शुष्क पानझडी रानातला परागांचा ताळा मांडला आणि मग गाळाच्या नमुन्याकडे वळले. 2021 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. सहलेखकांत वनस्पती-पुरातत्त्वज्ञ डोरियन फुलर होते, बंगळुरूचे जयश्री रत्नम आणि महेश शंकरन होते आणि पनवेलचे बसवय्याही. त्या निबंधाचे सार असे की, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीपासून मोसमी पाऊस क्षीण होत गेला, झाडी विरळ झाली आणि तिच्या जागी मधूनमधून झाडे असलेला गवताळ प्रदेश पसरला. जंगल माणसाने तोडले म्हणून किंवा वणवे वाढले म्हणून हा बदल सुरू झालेला दिसत नाही. गवत आधी आले, आणि शेती-पशुपालन करणारी वस्ती त्यानंतर या मोकळ्या प्रदेशात रुजली.

हा निष्कर्ष किती मोठा आहे ते सांगायला हवे. दख्खनचे माळ म्हणजे मुळात घनदाट जंगल होते, कुऱ्हाड आणि गुरे यांनी ते उजाड केले, असे इंग्रजांच्या वनखात्यापासून आपण ऐकत आलो. शाळेतही बहुतेक जण हेच शिकले. त्यामुळे गवत दिसले की जमीन पडीक ठरते, आणि पडीक ठरली की तिच्यावर झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात. लोणारचा गाळ सांगतो की हे माळ हजारो वर्षांचे, स्वतःच्या हक्काचे निवासस्थान आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले. त्या पक्ष्याला मोकळा माळच लागतो, झाडी दाट झाली की तो तिथून जातो. तणमोर, काळवीट, लांडगा यांचेही तसेच. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या भागांतल्या माळांवर ओळीने खड्डे खणून रोपे लावणारी मंडळी सद्भावनेने लावतात, यात मला शंका नाही. पण त्या सद्भावनेला आता अकरा हजार वर्षांच्या पुराव्याशी ताळा जमवावा लागेल.

याचा अर्थ माणसाने जंगल तोडलेच नाही, असा कोणी घेऊ नये. सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणात, आपल्या पनवेलच्या टेकड्यांवर कोळशासाठी, शेतीसाठी आणि इमारतींसाठी झालेली तोड खरीच आहे. प्रश्न एवढाच होता की दख्खनच्या पठारावरचा मूळ मोठा बदल कशाने झाला, आणि त्याचे उत्तर पावसाकडे बोट दाखवते. पुरातत्त्वाशीही ते जुळते. डेक्कन कॉलेजने 1968 पासून इनामगावला जे उत्खनन केले, त्यात दिसलेली माळवा आणि जोर्वे संस्कृतींची शेतकरी वस्ती इ.स.पूर्व 1600 ते 700 या काळातली आहे, म्हणजे पहिल्या दीर्घ अवर्षणानंतरची. गोव्याच्या खाली, कारवारच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळातही काराटिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे 3500 वर्षांपूर्वीपासून हवा कोरडी होत गेल्याचे दिसले. तिथे कांदळवनाचे परागकण घटले आणि मोकळ्या गवताळ भागाचे वाढले. ते काम पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या परागसंग्रहाच्या बळावर झाले. तो संग्रह उभारण्यात मोठा वाटा असलेले गणपती तणिकैमोनी 1986 मध्ये कराचीच्या विमान अपहरणात मारले गेले. दक्षिण आणि पश्चिम भारतातले परागकण ओळखताना त्यांच्या पिढीने तयार केलेले संदर्भच आजही अभ्यासक हाताशी ठेवतात.

महाराष्ट्रात या विषयाचे दुसरे ठिकाण पुण्याची आघारकर संशोधन संस्था. मालवणला जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली, पुढे संस्थेला त्यांचे नाव मिळाले. तिथल्या के. पी. एन. कुमारन आणि ऋता लिमये यांनी कोकणच्या खाड्यांतल्या गाळातले परागकण तपासून कांदळवने हवामानाबरोबर कशी वाढली-आटली यावर 2012 मध्ये निबंध लिहिला. 2020 च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्यामागे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे सांगणाऱ्यांतही हीच संस्था होती.

पनवेलच्या संस्थेचे या सगळ्यातले श्रेय मी वाढवून सांगू इच्छित नाही. परागकण मोजले ते जर्मनीत. आपल्या संस्थेने तळ्याचे क्षेत्रकाम, गाळाचे चुंबकीय मापन आणि त्याचा अर्थ लावणे यांत भागीदारी केली. पण ते काम पुरवणीचे नव्हते. एकट्या परागावर विसंबले असते तर कोणीही म्हटले असते की झाडे माणसाने तोडली असतील. परागांच्या जोडीला धुपीचा, क्षारांचा, पानांवरच्या मेणाच्या समस्थानिकांचा आणि आगीचा पुरावा उभा राहिला, म्हणून पावसाचा निष्कर्ष टिकला. वेगवेगळ्या मोजमापांचा एकमेकांशी ताळा घेतल्याशिवाय काही जाहीर करायचे नाही, ही शिस्त या संस्थेला नवी नाही. कुलाबा आणि अलिबागचे आकडे मूस यांनी तसेच जुळवले होते.

उरते ते आपल्या अंगणातले काम. पनवेलच्या खाडीकाठी अजून तिवरांची झाडी आहे, गाढी नदीने आणलेला गाळ आहे आणि मुंबई-गोवा रस्त्यावर अर्ध्या तासाच्या अंतरावर कर्नाळ्याचे रान आहे. याच परिसरात विमानतळासाठी टेकड्या कापल्या गेल्या, उलवे नदी वळवली गेली आणि खारजमिनींवर भराव पडत आहेत. भराव पडलेल्या चिखलातून नमुना काढणे पुढे फार अवघड होईल. पनवेल आणि नवी मुंबईच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र विभागांना माझी विनंती आहे की कर्नाळ्यातल्या आणि खाडीतल्या झाडांच्या परागकणांच्या संदर्भ-काचपट्ट्या या पावसाळ्यानंतरच करायला घ्याव्यात. त्याला साधा सूक्ष्मदर्शक आणि झाडे ओळखणारा एक शिक्षक पुरतो. खाडीकाठचा मीटर-दोन मीटरचा गाळ हातगिरमिटाने वनखात्याच्या परवानगीने काढता येतो, त्याचे चुंबकीय मापन कसे करावे यासाठी सेक्टर 18 मध्ये विचारता येते, आणि कार्बन-14 साठी लखनौची बिरबल साहनी संस्था आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र योग्य धूरकपाट आणि अनुभवी माणूस यांशिवाय विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. त्या टप्प्यासाठी नमुने पुण्याला पाठवावेत.